पाणी न गळणारा भोंगा

३ एप्रिल २०२५, गुरुवार. अकोला
बी.पी. १५२/९६

ही वही अमरावतीच्या डॉक्टरांच्या हुकमावरून. जानेवारीत त्यांनी माझ्या छातीत एक बारीक जाळी बसवली आणि बजावलं, "रोज बी.पी. लिहा, काय खाल्लं ते लिहा, मनात येईल ते लिहा." जाळ्या तर मीच जन्मभर बसवल्या, कूलरला. आता माझ्यातच एक बसली.

मी देवमन शिरसाट. आयटीआयमध्ये पत्राकामाचा निदेशक, एकतीस वर्षं, थोडी अमरावतीत आणि बाकी अकोल्यात. गेल्या जूनमध्ये निवृत्त. वजन उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, संतापायचं नाही. बायकोने, कौशल्याने, माझी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकून दिली. मी जिना चढायला लागलो की ती खालून पायऱ्या मोजते.

मनात काही येत नाही.

७ एप्रिल, सोमवार
बी.पी. १४८/९४

रश्मीचा फोन. आमची एकुलती एक, पुण्याला दुर्बिणींच्या संस्थेत इंजिनिअर आहे. एरवी फोन आईला, मला फक्त "गोळ्या घेतल्या का?" आज म्हणाली, "बाबा, एक काम व्हतं. पत्र्याचं."

धारणीच्या एका आश्रमशाळेसाठी तिला पत्र्याचा कर्णा हवा आहे. तोंड पंचाहत्तर बाय साठ सेंटीमीटर, मागे निमुळता होत जाणारा, आणि शेवटी साडेसोळा बाय सव्वाआठची एक पेटी. धारणीचे रस्ते कसे आहेत ते मला सांगायला नको. जीपमध्ये आदळून टिकला पाहिजे, म्हणे. पुण्यात बनवलेले नाजूक असतात.

मी विचारलं, "एवढ्या मोठ्या पुण्यात पत्रा वाकवणारा माणूस नाई का?"

"तुमच्यासारखा नाई," म्हणाली.

ते खरंच आहे म्हणा.

मग तिने सांगितलं की या कर्ण्यातून हायड्रोजन ऐकायचा. आकाशगंगेत हा वायू सगळीकडे विरळ पसरलेला आहे. त्याचा एकेक अणू कोटी वर्षांत एखाद्या वेळी एक लहर सोडतो. पण अणूच इतके आहेत की ती लहर सतत येते, दिवसरात्र, आपल्या घरावरसुद्धा. तिची लांबी एकवीस सेंटीमीटर.

फोन ठेवल्यावर मी पट्टी घेऊन माझी वीत मोजली. बरोबर एकवीस! ताऱ्यांमधून येणारी लहर माझ्या वितीएवढी आहे हे अठ्ठावन्न वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारभर मी हाताकडे बघत बसलो होतो.

पेटी काढायला माळ्याकडे गेलो तर कौशल्याने ती आधीच खाली काढून, पुसून ठेवलेली. मी तिला काही बोललोही नव्हतो. बायकांना कसं कळतं कोण जाणे.

११ एप्रिल, शुक्रवार
बी.पी. १४४/९०

अब्दुल सत्तारच्या कारखान्यात एक कोपरा मिळाला. तो माझा पहिल्या तुकडीतला विद्यार्थी, वयाने माझ्याहून चारच वर्षं लहान, म्हणून भाऊ म्हणतो. एप्रिल म्हणजे त्याचा हंगाम. दारात कूलर रचलेले, आणि मी मधोमध बावीस गेजचा पत्रा पसरून बसलेलो.

रश्मीने पाठवलेला नकाशा उलटासुलटा करून तो म्हणाला, "देवमनभाऊ, हे कूलर हाय का भोंगा? पंखा कुठी लावाचा?"

"पंखा नाई. आकाश आयकाचं हाय."

"त्याले येवढं मोठ्ठं तोंड?" मग आवाज खाली आणून, "तबियत बरी हाय नं?"

मी त्याला वीत दाखवली आणि सगळं सांगितलं. त्याने आपली वीत मोजली, तेवीस भरली. मग स्वतःच जाऊन नवा पत्रा काढून आणला आणि म्हणाला, "मंग हा वापरा. तो गंजेल हाय."

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी पंचशील, दुपारी पाहुणे. मिरवणुकीला कौशल्याने जाऊ दिलं नाही. गच्चीवरून ढोल ऐकले. बी.पी. घ्यायचा राहिला.

१७ एप्रिल, गुरुवार
बी.पी. १३८/८८

झाला!

चारही बाजू एकसारख्या उतरल्या आहेत, कोपरे काटकोनात, आतली पेटी अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नसलेली. नकाशावर रश्मीने ठळक लिहिलं होतं, सांध्यात कुठेही फट नको. तिला काय माहीत ती कोणाला सांगते आहे. प्रत्येक सांध्यात मी पुट्टी भरली, वर दुसरा पत्रा दाबला, मग रिव्हेट. कूलरच्या टाकीची हीच रीत, आणि मी ती शेकडो पोरांना शिकवली.

मग परीक्षा. कर्णा उभा केला, तोंड वर, आणि काठोकाठ पाणी भरून ठेवला. रात्र गेली, सकाळ झाली, खाली ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा. सत्तारने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "उस्ताद ते उस्ताद." छाती फुगली माझी. जाळीसकट.

भरलेल्या कर्ण्याचा फोटो रश्मीला पाठवला.

१८ एप्रिल, शुक्रवार
बी.पी. १३८/८६

रश्मीचं उत्तर आलं. दुपारी फोटो पाहिल्याची खूण होती, उत्तर रात्री. "भारी, बाबा. खूप सुंदर झालाय." एवढंच. कामात असेल.

१ मे, गुरुवार
बी.पी. १३६/८६

रश्मी आली. सोमवारी सकाळच्या गाडीने परत जायची. बॅगेत कपडे कमी आणि वायरी जास्त.

कर्णा गच्चीवर, चार विटांच्या टेकूवर ठेवला. मागच्या पेटीत तिने सव्वापाच सेंटीमीटरची तांब्याची तार उभी बसवली. कर्णा लहर गोळा करून पेटीत आणतो, तार ती झेलते, पुढे एक काड्यापेटीएवढी डबी तिला वाढवते आणि लॅपटॉपवर रेघ उमटते. त्या कामात फारसं काही आहे असं वाटत नाही, पण तिचे हात बघत राहावेसे वाटतात. स्क्रू हाताने शेवटपर्यंत आवळून मगच पाना लावते. हे मी शिकवलं होतं, ती सहावीत असताना.

तिच्या फोनमध्ये संस्थेतल्या खोलीचे फोटो पाहिले. मागच्या कपाटावर असेच दोन कर्णे होते, चकचकीत. मी विचारलं तर म्हणाली, "ते असेच हायेत." शोभेचे असावेत.

२ मे, शुक्रवार
बी.पी. १५०/९४

चाललं नाही.

रश्मी म्हणते, आधी साधी परीक्षा घ्यायची. कर्णा जमिनीकडे केला की रेघ वर जायला हवी, कारण जमीन तापलेली. आकाशाकडे केला की खाली, कारण आकाश आतून फार थंड आहे. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात आकाश थंड कसं म्हणायचं? पण ती म्हणते तर असेल.

आम्ही दोघांनी कर्णा वर केला, खाली केला. दहा वेळा. रेघ जागची हलायला तयार नाही, थोडी थरथरते आणि बसते.

"माही डबी गरम झाली असंन," रश्मी म्हणाली. डबीवर ओलं फडकं ठेवलं. वायर बदलली. मी म्हटलं, "तुह्या पुण्याच्या वस्तूईले अकोल्याचं ऊन झेपत नाई." ती हसली, पण माझ्याकडे बघून नाही. कौशल्या मध्येच वर आली, आधी मला निरखलं, मग पोरीकडे पाहून मान हलवली. ती नको म्हणत होती. काय नको ते कळलं नाही.

माझा कर्णा निर्दोष आहे. पाण्याचा थेंब गेला नाही त्यातून.

३ मे, शनिवार

आज सविस्तर लिहितो.

सकाळी कौशल्याने कुरडया वाळत घालायला गच्चीवर जुनं लुगडं पसरायला सांगितलं. वर गेलो तर रश्मी अर्धी कर्ण्याच्या आत शिरलेली. चंदेरी टेप आतून सांध्यावर चिकटवत होती, नखाने दाबून दाबून. मला पाहिल्यावर टेपचं बंडल ओढणीखाली घेतलं. चोरी पकडल्यासारखी.

"हे काय करून राहिली वं?"

"काई नाई. शोभेले."

"आतून शोभा?"

मी म्हटलं, "रश्मी, रातभर पाणी भरून ठेवलं व्हतं. गळलं नाई. मंग ही टेप काहून?"

"पाण्याचा संबंध नाई, बाबा." आणि मग एकदम, बांध फुटावा तशी, "पुट्टी हाये नं सांध्यात. पत्र्याले पत्रा लागतच नाई. दोन रिव्हेटच्या मंधात नुसती पुट्टी. पाणी जात नाई तिथून, पण लहर जाते. चारही सांधे उघडेच हायेत तिच्यासाठी. आकाशातलं बाहेर सांडते आन् जमिनीचं आत येते."

मला पटेना. तिने आत लावलेली टेप ओढून काढली, तिचा फोन कर्ण्यात टाकला, तोंडावर पत्रा ठेवून कडेने सगळीकडून टेप मारली, आणि माझ्या फोनवरून तिचा नंबर लावायला सांगितलं. चोहोबाजूंनी पत्रा. मी नंबर लावला. कर्ण्याच्या पोटात घंटी वाजायला लागली, मोठ्याने, खुशाल.

ज्या सांध्यातून एका रात्रीत पाण्याचा थेंब बाहेर आला नाही, त्याच सांध्यातून एका क्षणात हाक आत गेली. तोंडात मारल्यासारखं झालं. एकतीस वर्षं मी गळती म्हणजे पाणी एवढंच धरून चाललो होतो.

मग विचारलं, "तुले कवापासून माईत?"

"तुमी पाण्याचा फोटो पाठवला तवापासून. पाणी अडलं म्हंजे सांध्यात पुट्टी असणारच."

पंधरा दिवस! पंधरा दिवस पोरीने मूग गिळले. भारी म्हणाली, सुंदर म्हणाली, डबी गरम झाली म्हणाली. असा संताप आला की कठड्याला धरलं. ती घाबरून पाणी आणायला धावली तेव्हा तर आणखी आला.

"थांब तिथीच. काहून नाई सांगितलं?"

"आई म्हणे..." पुढे थांबली. "तुमाले तरास झाला असता."

"मंग आता नाई झाला?"

त्यावर ती रडायला लागली. खरं तर मलाही रडू येत होतं. मी आजारी आहे म्हणून माझं चुकीचं काम चालवून घ्यायचं? म्हणजे मी संपलोच की. लहान मुलाने काढलेल्या चित्राला छान म्हणतात तसं मला भारी म्हणायचं? पोरांच्या कामावर मी लाल खडूने फुली मारायचो. रडायची पोरं. पण फुली मारली याचा अर्थ हा माणूस परत करू शकतो असं मला वाटायचं. ज्याच्याकडून आशा नाही त्याच्यावर मी खडू वाया घालवत नव्हतो.

हे सगळं मी तिला बोललो, जसं सुचलं तसं, ओरडतच. कौशल्या जिन्यात येऊन उभी होती. हत्यारांच्या पेटीतून मी लाल खडू काढला आणि रश्मीच्या हातात दिला. "मार फुली."

"बाबा..."

"चूक झाली का नाई झाली?"

"झाली."

"मंग मार."

तिने नाक पुसलं आणि कर्ण्याच्या अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अशी मोठी फुली मारली की खडू मोडला.

जेवताना दोन भाकरी खाल्ल्या. बी.पी. घेतला नाही. कौशल्यानेही विचारला नाही.

४ मे, रविवार

दिवसभर सत्तारकडे. सगळे रिव्हेट उडवले, पुट्टी खरवडली, पत्रा उजळ घासला. या वेळी सांध्याला पुट्टी नाही, रिव्हेटच्या जोडीला कथलाचा सलग डाग द्यायचा, वितळलेलं कथील पत्र्याला पत्रा धरून ठेवेल असा. जस्ताच्या पत्र्यावर लांब डाग देणं सोपं नाही. कमी तापलं तर कथील नुसतं वर बसतं, जास्त तापलं तर पत्रा वाकतो.

रविवारी गिऱ्हाइकं रांगेत, तरी सत्तारने दोन कूलर बाजूला सरकवले आणि भाता स्वतः धरला. "तुमच्याच हाताखाली शिकलो ते पुट्टी भराचं," म्हणाला, "ते गलत कसं?"

"टाकीले बरोबर हाय. आकाशाले गलत."

रश्मी बॅटरी घेऊन माझ्यामागे सांधा तपासत होती. तीन ठिकाणी बोट ठेवलं. "इथी कच्चा हाय. इथीबी." एकदाही भारी म्हणाली नाही. तिन्ही ठिकाणी परत डाग दिला.

फोन आत टाकून तोंड बंद केलं, मी नंबर लावला. फोनवरची बाई म्हणाली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. सत्तारने टाळी वाजवली.

पाच वाजता गच्चीवर. जमिनीकडे केला, रेघ वर. आकाशाकडे केला, रेघ धपकन खाली. पुन्हा, पुन्हा. शेजारच्या तापलेल्या भिंतीकडे केला, वर. म्हणजे पत्र्याचा हा भोंगा लांबूनच सांगतो की समोर काय किती गरम आहे. मग रश्मीने मला त्याच्या तोंडासमोर उभं केलं. रेघ वर चढली.

"हे तुमी हा, बाबा."

"मी?"

"जे जे गरम असते ते लहरी सोडते. दगडबी, माणूसबी. तुमी आत्ता सोडून राहिले."

जानेवारीत दवाखान्यात तारा लावून माझी एक रेघ दाखवली होती. तिच्याकडे बघायची भीती वाटायची. आज मी समोरून बाजूला झालो की रेघ उतरायची, उभा राहिलो की चढायची. मी पाच-सहा वेळा आत-बाहेर केलं. कौशल्यालाही उभं केलं. ती लाजली, पदर नीट केला, आणि माझ्याइतकीच वर चढली.

५ मे, सोमवार

सकाळी सहाला आम्ही चौघं गच्चीवर होतो. सत्तार नमाज आटोपून आला. ऊन यायचं होतं, आभाळ निळं, स्वच्छ, त्यात एक चांदणीसुद्धा नाही. रश्मीने कर्णा जवळजवळ डोक्यावर, जरा उत्तरेला कलता ठेवला. सगळ्यांचे फोन बंद करवले. म्हणाली, "आकाशगंगा आत्ता बरोबर तिथी हाये."

"दिवसा?" कौशल्याने विचारलं.

"दिवसा दिसत नाई, पण असते नं, आई. जाईल कुठी?"

लॅपटॉपने दहा मिनिटं जमा केली. रेघ सपाट, बारीक थरथरणारी. मग मधोमध तिला पोक आल्यासारखं झालं. मला वाटलं डोळ्यांचा दोष. पोक वाढला, गोल झाला, आणि सपाट माळावर टेकडी असावी तसा स्पष्ट उभा राहिला.

रश्मीने बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "हायड्रोजन."

मी वर पाहिलं. रिकामं निळं आभाळ. त्यातून हजारो वर्षं वाट चालून आलेलं काहीतरी माझ्या हाताच्या पत्र्यात उतरत होतं, मी दिलेल्या डागावरून घसरत त्या तारेपर्यंत जात होतं. माझ्या जन्माआधीपासून हे येत आहे. मी शाळेत जाताना, लग्नात, दवाखान्यात पडलेलो असताना, अखंड या गच्चीवर पडत होतं. मी कठड्याला टेकून खाली बसलो. कौशल्या धावली नाही. तीही वरच बघत होती.

"सुबहानअल्ला," सत्तार म्हणाला. मग म्हणाला, "आन् आपन खाली नुसती हवा थंडी करत बसलो."

सात वाजता रश्मी स्टेशनवर गेली. लॅपटॉप आणि डबी इथेच, जूनमध्ये धारणीला जाईपर्यंत. जाताना सांगून गेली की कर्णा हलवू नका, पृथ्वीच फिरते, आकाश आपोआप पुढे सरकेल. नऊला फक्त उत्तरेच्या अंगाची एक वीट काढा आणि काय दिसतं ते बघा. काय दिसेल ते सांगितलं नाही.

मी छत्री घेऊन बसलो. टेकडी हळूहळू बुटकी होत होती. म्हणजे ही गच्ची, हे अकोला, कुरडयांसकट, खरोखर फिरत होतं, आणि ते मी बसल्या जागी बघत होतो. नऊला वीट काढली. दहा मिनिटं थांबलो. टेकडीच्या उजव्या अंगाला दुसरी, लहान टेकडी निघाली होती.

आधी वाटलं, डाग सुटला. सगळे सांधे बोटाने तपासले. घट्ट होते. पुन्हा दहा मिनिटं जमा केली. होतीच.

वर फोन लावायचा नाही, म्हणून टेकड्यांखालचे मेगाहर्ट्झचे आकडे तळहातावर लिहून खाली उतरलो आणि रश्मीला फोन केला. गाडी मलकापूर सोडत होती.

"दोन हायेत," मी म्हटलं. "मोठी चौदाशे वीस पॉइंट चारवर. उजवीकडं लहान, पॉइंट सहाच्या जराशी वर."

"नक्की?"

"दोनदा घेतलं."

"तिसऱ्यांदा घ्या. मी फोन चालू ठेवतो."

फोन कौशल्याच्या हातात दिला आणि जिना चढलो. खालून पायऱ्या मोजल्याचा आवाज आला नाही. तिसऱ्यांदाही होतीच. तळहातावर जागा नव्हती म्हणून मनगटावर लिहिलं आणि उतरलो.

"आकाशगंगेले पाण्यातल्या भोवऱ्यावानी वळेल हात हायेत, त्यातला दुसरा हात हाये तो, बाबा," रश्मी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आपल्यापल्याडचा. तिथला वायू सेकंदाले पन्नासेक किलोमीटरनं आपल्याकडं येऊन राहिला, म्हणून तो बाजूले दिसते. सांगा मले, पहिल्यापासून सांगा. किती वाजता, कोणता आकडा, वीट कोणत्या अंगाची काढली. थांबा, पेन काढतो."

मी मनगट डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक आकडा सावकाश सांगत गेलो. गाडीच्या आवाजात ती प्रत्येक आकडा परत म्हणत होती आणि लिहून घेत होती.